अजगरांचे बंदिस्त संगोपन

अजगर, बोआ यांसारखे मोठे बिनविषारी साप नव्या जागी आणले की बहुधा प्रथम अन्न नाकारतात. हा उपास कसा मोडावा, याविषयीच्या प्रयत्नांचा ज्ञात इतिहास सु. दोनशे वर्षांचा आहे. अन्न नाकारणे हा प्राण्याचा हट्ट आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती आणि तिची किंमत सापांनी प्राणांनी मोजली.

ब्रिटिश वकिलातीसोबत चीनला गेलेले जहाजावरील शल्यवैद्य जॉन मॅक्लाउड यांनी 1817 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात याचे एक जुने व तपशीलवार उदाहरण आढळते. परतीच्या प्रवासात बोर्निओत पकडलेला सु. 5 मी. लांबीचा एक साप जहाजावर होता. मॅक्लाउड त्याला बोआ म्हणतात. परंतु बोर्निओत बोआ आढळत नाहीत, तेव्हा तो अजगरच असला पाहिजे. त्याच्या शिध्यासाठी शेळ्या बरोबर घेतल्या होत्या. त्यांतील एक त्याने दोन तासांहून अधिक वेळ घेऊन गिळली. पण केप ऑफ गुड होप ओलांडल्यावर सेंट हेलीनाला पोहोचण्यापूर्वीच तो मेला. विच्छेदनात त्याच्या जठराचे अस्तर कृमींनी पोखरलेले दिसले. रानातून आणलेला साप सोबत परजीवी घेऊन येतो आणि प्रवासातील थंडी व ताण यांमुळे ते बळावतात, ही गोष्ट संगोपकांच्या अंगवळणी पडायला पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

लंडनच्या टॉवरमधील राजकीय प्राणिसंग्रहात 1820 नंतरच्या दशकात मोठे साप घोंगड्यांत गुंडाळून ठेवीत. तेथील मुख्य रक्षक ॲल्फ्रेड कॉप्स यांनी एकदा कात टाकण्याच्या बेतात असलेल्या सापापुढे कोंबडी धरली. अशा वेळी डोळ्यांवरील पारदर्शक आवरणही धुरकट झालेले असते. सापाचा नेम चुकला, त्याने रक्षकाचा अंगठा पकडला आणि क्षणार्धात हात व मान यांभोवती विळखे घातले. दोन साहाय्यकांनी सापाचे दात मोडून त्यांची सुटका केली. कात टाकून होईपर्यंत अन्न देऊ नये, हा आजचा नियम अशाच अनुभवांतून आला आहे. घोंगडीही निर्धोक नव्हती. लंडनच्याच रीजंट्स पार्कमधील एका सापाने पुढे आपले घोंगडे गिळले व ते काही आठवड्यांनी ओकून टाकले. या उद्यानात 1849 मध्ये सुरू झालेले सर्पगृह हे जगातील पहिले सार्वजनिक सर्पगृह मानले जाते.

सापांना जिवंत भक्ष्य देण्याची रीत तेथे बराच काळ चालू होती व तिच्याविरुद्ध ओरडही होत असे. पीटर चाल्मर्स मिचेल आणि आर्. आय्. पोकॉक यांनी 1907 मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध करून बहुतेक साप मेलेले भक्ष्य सहज घेतात, हे दाखविले. हा प्रश्न केवळ दयेचा नव्हता : पिंजऱ्यात सोडलेला जिवंत उंदीर भूक नसलेल्या सापाला कुरतडून गंभीर जखमा करू शकतो.

बळजबरीची पद्धत मात्र अमेरिकेत पुढेही टिकली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात रेमंड डिटमार्स यांच्या देखरेखीखाली अनेक माणसांनी अजगर ताणून धरावयाचा आणि दोरीने बांधलेले ससे बांबूने त्याच्या घशात ढकलावयाचे, असे चाले. सॅन डिएगो येथील ‘डायाब्लो’ नावाच्या जाळीदार अजगराला 1920 नंतरच्या दशकात यंत्राने दळलेले मांस नळीतून भरवीत आणि तो देखावा पाहण्यास मोठी गर्दी लोटत असे. अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, हे लक्षात घेता ही घाई बहुतेक वेळा अनाठायी होती. उपासाने मरण्यापूर्वी पुष्कळ अवधी मिळतो. पकडताना झालेली तोंडाची जखम मात्र लवकर चिघळते.

खरी अडचण उष्णतेची होती. सापाचे शरीरतापमान सभोवतालावर अवलंबून असल्यामुळे थंड जागेत गिळलेले अन्न पचत नाही, ते कुजते व ओकले जाते. लंडनच्या नव्या सर्पगृहात (1927) जोन प्रॉक्टर यांनी विद्युत् तापकांच्या योगाने एकाच पिंजऱ्यात उष्ण व थंड असे दोन्ही भाग ठेवले, त्यामुळे कोठे बसावयाचे हे प्राणी स्वतःच ठरवू लागला. फ्रान्सिस बेनेडिक्ट यांचा मोठ्या सरीसृपांच्या शरीरक्रियांविषयीचा ग्रंथ 1932 मध्ये निघाला. उपाशी अजगराने मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचे वस्तुमान सु. 40 टक्क्यांनी वाढते, हे 2005 मध्ये दिसून आले. पचनासाठी एवढी उलथापालथ करणाऱ्या प्राण्याने प्रतिकूल जागी तोंड मिटून घ्यावे, यात हट्ट कोणता?

आजची पद्धत बरीचशी न करण्याची आहे. नवा साप इतरांपासून वेगळा ठेवतात, विष्ठेत कृमी व खवल्यांखाली गोचिडी आहेत का ते पाहतात, अंग घट्ट बसेल अशी लपण्याची जागा व पाणी देतात आणि निदान आठवडाभर हात लावीत नाहीत. पिंजऱ्याची उबदार बाजू सु. 30 ते 32° से. ठेवतात. पहिले भक्ष्य नेहमीपेक्षा लहान, मेलेले व कोमट करून संध्याकाळी देतात. बहुतेक अजगरांच्या ओठांवरील खळग्यांना उष्णता जाणवत असल्यामुळे थंडगार मांस त्यांच्या लेखी भक्ष्यच नसते. ते नाकारले, तर उचलून घेऊन काही दिवस थांबतात. बोआ अन्न वारंवार ओकू लागला, तर एका असाध्य विषाणुजन्य रोगाची शंका घेतात. त्याचा विषाणू 2012 मध्ये ओळखला गेला.

पाळलेला साप वाढत जातो, याचा विचार विकत घेणारे क्वचितच करतात. ब्रह्मी अजगरांचे फ्लॉरिडातील दलदलीत वाढलेले रानटी प्रजनन हा सोडून दिलेल्या व निसटलेल्या पाळीव सापांचाच परिणाम मानला जातो. अमेरिकेने 2012 मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली.

भारतात अजगराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तो हौसेने पाळता येत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न उद्‌भवतो तो उसाच्या फडात किंवा विहिरीत सापडलेल्या अजगराबाबत. नुकतेच भक्ष्य गिळलेला असा साप हाताळला की ते ओकतो आणि पाहणारे त्याला आजारी समजून पुन्हा खाऊ घालू पाहतात. वस्तुतः त्याला त्या वेळी अन्नाची नव्हे, तर अंधाऱ्या पोत्याची व वन खात्याच्या माणसाची गरज असते.