मुंबई ते कराची : भूमार्गानें कीं आकाशमार्गानें?



शेजारच्या देशांतील एखाद्या शहरीं जावयाचें झालें तर जमिनीवरून जावें कीं विमानानें, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर बहुधा घड्याळ आणि पैशाची पिशवी यांच्याकडे पाहून दिलें जातें. अंतर थोडें असल्यास मोटार वा आगगाडी, फार असल्यास विमान, असा सोपा नियम सांगण्यांत येतो. हा नियम खोटा नाहीं; पण तो अपुरा आहे, आणि किती अपुरा आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मुंबई आणि कराची या दोन बंदरांमधील प्रवासाचा इतिहास चाळावा.

हीं दोन्हीं शहरें एके काळीं एकाच इलाख्यांत होतीं. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध प्रांत जिंकला आणि १८४७ सालीं तो मुंबई इलाख्यास जोडला. १ एप्रिल १९३६ रोजीं सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईंतून चाले. त्यामुळें कारकून, शिक्षक, वकील, व्यापारी अशीं अनेक मराठी माणसें तिकडे गेलीं. सिंधच्या शिक्षणखात्यांत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांनीं इतकें काम केलें, कीं कराचींतील जुन्या सरकारी शाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. ती शाळा आजही त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. तेव्हां कराची हा आपल्या लोकांच्या दृष्टीनें परदेश नव्हता. तें लांबचें, पण आपलेंच शहर होतें.

आतां प्रवासाचा हिशेब पाहूं. बारामतीशेजारच्या जळोचीसारख्या गांवचा एखादा तरुण १९३० च्या सुमारास नोकरीसाठीं कराचीस निघाला, अशी कल्पना करा. तो प्रथम बारामतीस येणार. तेथून अरुंद मापाच्या लहान गाडीनें दौंडास जाणार. दौंडास मोठी गाडी धरून पुण्यावरून मुंबईस पोंचणार. त्याची खरी निवड मुंबईस सुरू होई.

पहिला मार्ग समुद्राचा. आगबोटींत बसावें आणि दीड-दोन दिवसांनीं कराचीच्या बंदरांत उतरावें. सामान कितीही न्यावें, गाडी बदलण्याची दगदग नाहीं. मात्र पावसाळ्यांतील अरबी समुद्र सोसण्याची तयारी हवी. दुसरा मार्ग आगगाडीचा. मुंबईहून अहमदाबादेपर्यंत रुंद मापाची गाडी. तेथून मारवाड व लुणी यांवरून वाळवंट ओलांडून सिंधमधील हैदराबादेपर्यंत मीटर मापाची गाडी. आणि हैदराबादेहून कराचीपर्यंत पुन्हां रुंद मापाची. एकंदर पल्ला जवळजवळ हजार मैलांचा. वाटेंत दोनदां सामान उतरवून चढवावें लागे. पण नकाशावर सरळ रेघ ओढली तर हें अंतर सुमारें साडेपांचशें मैलच भरतें. मोटारीची गोष्ट तर बोलूंच नये. मध्यें कच्छचें रण आणि थरचें वाळवंट पसरलेलें. त्यांपैकीं रण तर पावसाळ्यांत पाण्याखालींच जातें.

अशा स्थितींत आकाशमार्ग उघडला. १९२९ सालीं लंडनहून कराचीपर्यंत विमानाची नियमित टपाल सुरू झाली. ती टपाल पुढें मुंबई व मद्रासकडे विमानानेंच नेण्याचें काम टाटांच्या संस्थेनें पत्करलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा हे 'पुस मॉथ' नांवाचें एका इंजिनाचें चिमुकलें विमान घेऊन कराचीच्या द्रिघ रोड तळावरून निघाले, अहमदाबादेस थांबले आणि दुपारीं दोनच्या सुमारास जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढची मद्रासपर्यंतची मजल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं पुरी केली. जें अंतर तोडण्यास आगबोटीस दीड-दोन दिवस लागत, तें एका दिवसाच्या उजेडांत पार पडलें.

तथापि हें विमानही निसर्गाच्या हुकमाबाहेर नव्हतें. पावसाळ्यांत जुहूचें मैदान चिखलांत रुते, आणि मग तें काम पुण्यास हलवावें लागे. शिवाय तें विमान टपालाचें. सर्वसाधारण गृहस्थाचा मार्ग आगबोट वा आगगाडी हाच राहिला. या काळांत निवड ठरत होती ती वेळ, पैसा, सामान आणि ऋतु या चार गोष्टींवर. आपण आज जो नियम सांगतों तो असल्याच शांततेच्या काळांतला आहे.

ऑगस्ट १९४७ मध्यें हिंदुस्थानचे दोन देश झाले, आणि त्याच मार्गांचा अर्थ पालटला. पंजाबांत आगगाड्यांवर हल्ले होऊं लागतांच दिल्लींतील पाकिस्तानी नोकरवर्गास कराचीस पोंचविण्यासाठीं विमानें लावावीं लागलीं. त्यांना आगगाडीपेक्षां विमान पसंत होतें म्हणून तीं लावलीं नव्हतीं. आगगाडीचा मार्ग सुरक्षित उरला नव्हता म्हणून लावलीं.

सिंधमधील हिंदूंपुढें हा पेंच याहून कठीण होता. ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली आणि निघूं कीं राहूं अशा विचारांत असलेलीं हजारों कुटुंबें बाहेर पडलीं. विमानांतील जागा थोड्या आणि महाग. वाळवंटांतून जोधपूरकडे जाणारी आगगाडी होती. पण वाटेंत काय होईल याचा भरंवसा नव्हता. म्हणून फार मोठा जनसमूह बंदराकडे वळला. मुंबई आणि काठेवाडचीं बंदरें हीं त्यांचीं उतरण्याचीं ठिकाणें झालीं. त्यांपैकीं पुष्कळांस कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि त्या छावण्यांतूनच १९४९ सालीं उल्हासनगर नांवाचें शहर उभें राहिलें. या माणसांनीं मार्ग निवडला तो किती तास लागतील हें पाहून नव्हे. म्हाताऱ्या आईस कोणत्या वाटेनें जिवंत नेतां येईल आणि घरांतलें काय काय बरोबर येईल, एवढेच दोन प्रश्न त्यांच्यापुढें होते. प्रवासाचें साधन निवडणें ही चैनीची बाब नसून प्राणाची बाब होऊं शकते, हें त्या पिढीस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

पुढें एकेक दार बंद होत गेलें. जुलै १९४८ मध्यें पश्चिम पाकिस्तानांतून येणारांस परवाना लागूं लागला. १९५२ सालीं पारपत्राची अट आली. १९६५ च्या युद्धानें मुनाबाव-खोखरापारची आगगाडी थांबविली. ती 'थर एक्सप्रेस' या नांवानें पुन्हां सुरू होण्यास २००६ साल उजाडावें लागलें, आणि ऑगस्ट २०१९ मध्यें ती पुनः बंद पडली. उत्तरेकडे अमृतसर आणि लाहोर यांमध्यें उणेंपुरें तीस मैल अंतर आहे. तेथें विमानाचा विचार करणें हास्यास्पद ठरावें. पण त्या रस्त्यानें दिल्ली-लाहोर मोटारगाडी जाण्यास १९९९ चा फेब्रुवारी महिना यावा लागला, आणि तीही २०१९ च्या त्याच ऑगस्टांत थांबली.

येथें कोणी म्हणेल, कीं जमिनीवर नाके असतात, आकाशास कुंपण कोठें आहे? इतिहासाचें उत्तर निराळें आहे. जानेवारी १९७१ मध्यें 'गंगा' नांवाचें भारतीय विमान पळवून लाहोरास नेण्यांत आलें आणि तेथें जाळण्यांत आलें. त्यानंतर भारतानें आपल्या भूमीवरून जाणारीं पाकिस्तानी विमानें बंद केलीं. तेव्हां कराचीहून ढाक्यास जाणाऱ्या विमानांस कोलंबोचा वळसा घालून जवळजवळ दुप्पट अंतर तोडावें लागलें. उभय देशांतील विमानसंबंध पुन्हां जुळले ते १९७६ सालीं. एप्रिल २०२५ मध्यें अटारीचा नाका बंद झाला, आणि त्याच महिन्यांत दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशही मना केलें. आकाशांतील कुंपण डोळ्यांस दिसत नाहीं, एवढेंच.

मग निवड कशी करावी? एक कसोटी सांगतों. प्रथम तिकिटाचा भाव पाहूं नये. प्रथम दोन्ही राज्यांमधील वाट आज उघडी आहे काय आणि परतेपर्यंत उघडी राहण्याचा संभव आहे काय, हें पाहावें. दुसरें, घराच्या उंबऱ्यापासून पाहुण्याच्या उंबऱ्यापर्यंतचे तास मोजावे. विमानांतले मोजून भागत नाहीं. जळोचीच्या माणसास विमानतळ गांठण्यांतच दिवसाचा मोठा भाग जातो. तिसरें, बरोबर कोण आहे आणि काय आहे, हें ध्यानांत घ्यावें. वेग आणि भाडें यांचा विचार या तिहींनंतर. नेपाळ वा भूतान यांकडे भूमार्गानें जाणें आपणांस सोपें वाटतें, याचें श्रेय रस्त्यांपेक्षां त्या देशांशीं असलेल्या सलोख्यासच अधिक आहे.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं तेव्हां, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा तशाच एका जुन्या लहान विमानांतून एकटे कराचीहून मुंबईस आले. यंत्र जुनें, वैमानिक वृद्ध. पण दोन्ही सरकारांची अनुमति होती, म्हणून तें उड्डाण झालें. त्यानंतर विमानें कितीतरी मोठीं आणि वेगवान झालीं. तरीही वैद्यांच्या नांवाची शाळा पाहण्याची इच्छा बाळगणाऱ्या मराठी तरुणास पुस मॉथच्या वेळीं जितकी ती जवळ होती तितकी ती आज नाहीं. दोन शहरांमधील खरें अंतर मैलांनीं मोजलें जात नाहीं. तें शेजारधर्मानें मोजलें जातें, आणि तें कमी करणारें यंत्र अद्याप कोणत्याही कारखान्यांत तयार झालेलें नाहीं.