मामा बंगालीचे, भाचे हिंदीचे

महाराष्ट्रापासून दूर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा राहत आला आहे. घरात मराठी आणि उंबरठ्याबाहेर दुसरीच भाषा. मग मुलांनी कोणती धरावी आणि कोणती सोडावी? शंभर वर्षांपूर्वी दोन मराठी पत्रकारांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले. नात्याने ते मामा-भाचे होते.

सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळील करों या गावी झाला. हा प्रदेश आज झारखंडात आहे; त्या काळी तो बंगाल प्रांतात होता. त्यांच्या लहानपणीच मातृछत्र हरपले. त्यांचा सांभाळ आत्याने केला आणि मराठी वाङ्‌मयाची गोडीही तिनेच लावली. शिक्षण मात्र बंगाली वातावरणात झाले. पुढे देवघरच्याच शाळेत ते शिक्षक झाले. तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या अन्यायाविरुद्ध वृत्तपत्रात लिहिल्यामुळे त्यांना नोकरीस मुकावे लागले. तेव्हा त्यांनी कलकत्ता गाठले, 'हितवादी' पत्रात मुद्रितशोधकाचे काम पत्करले आणि कालांतराने ते त्याच पत्राचे संपादक झाले. परक्या भाषेतील प्रत्येक अक्षर तपासणारा हा मराठी माणूस त्या भाषेचा समर्थ लेखक ठरला.

१९०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'देशेर कथा' या ग्रंथात इंग्रजी राजवटीने केलेल्या आर्थिक शोषणाचा हिशेब सर्वसामान्य वाचकाला कळेल अशा बंगालीत मांडलेला होता. स्वदेशी चळवळीत तो घरोघर वाचला गेला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्यांच्या शिवचरित्रविषयक लेखनाचे मोल याहून वेगळे आहे. 'स्वराज्य' हा शब्द देऊस्करांच्या शिवचरित्रातून बंगालमध्ये प्रथम आला आणि पुढे राष्ट्रीय पक्षाने तो उचलला, असे अरविंद घोष यांनी नमूद केले आहे. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी 'स्वराज' हेच ध्येय म्हणून घोषित केले. आत्याच्या मांडीवर जी मराठी कानी पडली, तिच्यातीलच हा ठेवा होता. सुरतच्या फुटीनंतर टिळकांविरुद्ध लिहिण्याची वेळ आली, तेव्हा देऊस्करांनी लेखणी विकण्यापेक्षा संपादकपद सोडणे पसंत केले. १९१२ साली ऐन उमेदीत त्यांचे निधन झाले.

बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ साली काशीच्या मराठी कुटुंबात झाला. १९०६ मध्ये ते 'हिंदी बंगवासी' पत्रात काम करण्यासाठी कलकत्त्यास गेले. तेथे मामांच्या सहवासात त्यांची राष्ट्रीय वृत्ती घडली. राष्ट्रीय महाविद्यालयात ते हिंदी आणि मराठी शिकवीत. मामांचा बंगाली ग्रंथ त्यांनी 'देश की बात' या नावाने हिंदीत आणला. क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे १९१६ साली त्यांना अटक झाली. १९२० साली सुटका झाल्यावर ते काशीस परतले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या 'आज' या दैनिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. इंग्रजी बातम्या हिंदीत आणताना नव्या शब्दांची उणीव पदोपदी भासे. 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' यांसारखे शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. मातृभाषा मराठी असलेल्या या संपादकाला १९३८ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मिळाला.

या दोघांनी नवी भाषा केवळ पोटापाण्यासाठी निवडली नाही. ज्या लोकांत राहायचे, त्यांच्या सुखदुःखाविषयी लिहायचे तर ते त्यांच्याच भाषेत, हा त्यांचा विचार होता. त्यासाठी त्यांनी मुद्रितशोधनापासून अनुवादापर्यंत सारे कष्ट उपसले. मराठी त्यांच्या वाटेत आडवी आली नाही. मामांना तिने शब्द दिला, भाच्यांना अध्यापनाचा विषय दिला, आणि दोघांनाही इतिहासाचे भान दिले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांतून शिकणारी मुले आज प्रांताची भाषा, हिंदी, इंग्रजी आणि त्यांच्या जोडीला संगणकाच्या भाषाही शिकतात. यांतील काही भाषांना घरातल्या बोलीचा आधार नसतो. त्या शून्यापासून शिकाव्या लागतात. अशा वेळी 'मराठीचे ओझे कमी करा' असा सल्ला वडीलधाऱ्यांकडून मिळतो, तेव्हा देवघरच्या त्या शाळामास्तरांचे स्मरण व्हावे. बंगालीला त्यांनी जे दिले, ते त्यांच्यापाशी मराठी होती म्हणूनच देता आले.