मेळ

गेल्या शनिवारी बँकेचं स्टेटमेंट चाळत बसलो होतो आणि चक्क घाम फुटला. आधीचा फ्लॅट सोडून अकरा महिने झाले, पण तिथल्या ब्रॉडबँडचे ५८९ रुपये दर महिन्याला कार्डावरून जातच होते. एकूण ६,४७९ रुपये! दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधायचे आणि स्वतःच्या घरात हा प्रकार. आईला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, मी दुधाचा एक खाडासुद्धा कधी सोडला नाही."

खरंच नाही सोडला. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आणि त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन. ज्या दिवशी दूध आलं नाही, त्या तारखेवर फुली. दूधवाल्याची वही वेगळी. महिना संपला की दोघांचे आकडे ताडून बघायचे आणि जुळले की मगच पैसे.

कालनिर्णय १९७३ सालचं, पण ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. पेशव्यांच्या दफ्तरात रोजची जमा आणि रोजचा खर्च मोडीत लिहिला जायचा, ती रोजकीर्द. 'फडणवीस' हा शब्दसुद्धा 'फर्दनवीस'वरून आलेला, म्हणजे हिशोबाचे कागद लिहिणारा. पेढीवरही तेच. आधी कीर्द, मग त्यातल्या नोंदी खात्यांप्रमाणे मांडल्या की खतावणी. रोजच्या जमाखर्चाच्या वहीला तर नावच रोजमेळ. दिवसअखेर हातातली शिल्लक आणि वहीतला आकडा यांचा मेळ बसला पाहिजे. पैसे चुकते करणं ही त्याच्या नंतरची गोष्ट, बरं का!

मग घरात वीज आली. मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली (१९४७ मध्ये ती महापालिकेने घेतली, तीच आपली बेस्ट). इथे एक गोष्ट गुपचूप बदलली. मीटर कंपनीचं, रीडिंग घेणारा कंपनीचा आणि बिलही कंपनीचंच. घराची स्वतंत्र वही राहिली नाही. तरी रांगेत उभं राहून पैसे भरायचे असल्यामुळे बिल निदान एकदा तरी डोळ्यांखालून जायचं.

१९९०च्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणली आणि ती रांगही गेली. फॉर्मवर एकदा सही केली की बिल खात्यातून आपोआप वळतं. बाबांनीही फॉर्म भरला, पण आलेलं प्रत्येक बिल वाचून तारेला खोचायची सवय काही सोडली नाही. तेव्हा मला ती तार म्हणजे शुद्ध अडगळ वाटायची. आता कळतं की बाबांनी रांग सोडली, मेळ नाही सोडला. मी दोन्ही सोडलं.

गंमत म्हणजे माझ्यासारख्यांची काळजी रिझर्व्ह बँकेने आधीच करून ठेवली होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम लागू झाला: कार्डावरून असे ठरलेले पैसे कापण्याआधी निदान २४ तास ग्राहकाला कळवायचं. ५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरी (जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली). मी मेसेज धुंडाळले. अकराच्या अकरा आले होते. मी एकही उघडला नव्हता. :)

कंपनीने कनेक्शन बंद केलं, आधीचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले. कुठल्या तोंडाने भांडणार?

असो. बाकीची सहा बिलं अजून आपोआपच जातात, रांगेत परत कोण उभं राहणार? पण स्वयंपाकघरात खिळा ठोकलाय आणि आईकडून कालनिर्णय आणलंय. पैसे कापल्याचा मेसेज आला की त्या तारखेवर आकडा लिहायचा आणि महिनाअखेर स्टेटमेंटशी ताडायचा. पहिल्याच महिन्यात १४९ रुपयांची एक नोंद अशी निघाली, की ती कशाची ते मला अजून आठवत नाहीये...