न्यूयॉर्कची प्रसिद्धिमोहीम (१९७७) : नगरप्रतिमा आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात

एखाद्या शहराचे नाव कानी पडताच, ते शहर कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाच्याही मनात जे चित्र उभे राहते, त्यास नगरप्रतिमा म्हणतात. हे चित्र त्या शहराच्या रस्त्यांनी व इमारतींनी जितके घडविलेले असते, तितकेच ते वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी, बोलपटांनी आणि तेथून परतलेल्या प्रवाशांनी घरच्या मंडळींना सांगितलेल्या हकिगतींनीही घडविलेले असते. ते एकदा काळवंडले म्हणजे पुन्हा उजळणे हे कोणत्याही नगरपालिकेच्या नित्याच्या कारभारात बसणारे काम राहत नाही. असे काळवंडलेले चित्र दूरचित्रवाणीवरील जाहिरातीच्या द्वारे, आणि तेही सुरुचीला धक्का न लावता, उजळण्याचे जे प्रयत्न विसाव्या शतकात झाले, त्यांत अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९७७ साली आरंभिलेली व ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ या नावाने ओळखली जाणारी मोहीम अग्रस्थानी मानावी लागते. तिच्यातील तांबड्या हृदयाचे चिन्ह आज जगाच्या कानाकोपऱ्यांत पोचले आहे; परंतु ज्या जाहिरातपटांनी त्या चिन्हाला प्रथम प्राण दिला, त्यांची आठवण मात्र पुष्कळशी विरून गेली आहे. प्रस्तुत नोंदीत म्हणूनच त्यांचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

या मोहिमेचे मर्म कळण्यास त्या शहराची तत्पूर्वीची दशा ध्यानी घेणे अवश्य आहे. कारखाने शहराबाहेर गेल्याने रोजगार आटलेला, सुखवस्तू कुटुंबे उपनगरांत निघून गेल्याने कराचे उत्पन्न घटलेले, आणि खर्चाची तोंडमिळवणी वर्षानुवर्षे अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांवर चाललेली, अशा अवस्थेत १९७५ च्या वसंत ऋतूत सावकारी पेढ्यांनी शहराचे रोखे घेण्याचे नाकारले, तेव्हा जगातील सर्वांत धनाढ्य म्हणून गणल्या गेलेल्या नगरीची तिजोरी अक्षरशः रिती झाली. जून महिन्यात राज्य सरकारने साहाय्यक महामंडळ उभे करून नवे रोखे काढले. ऑक्टोबरच्या १७ तारखेला शिक्षकांच्या संघाने आपल्या निवृत्तिवेतन निधीतून १५ कोटी डॉलरांचे रोखे घेण्याचे अखेरच्या घटकेस मान्य केले, म्हणून त्या दिवशीचे दिवाळे टळले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी २९ ऑक्टोबरच्या भाषणात केंद्र सरकारच्या मदतीस विरोध दर्शविताच दुसऱ्या दिवशीच्या ‘डेली न्यूज’ने, फोर्ड यांनी शहराला मरून जाण्यास सांगितले, अशा आशयाचा मथळा दिला. ते शब्द फोर्ड यांनी उच्चारले नव्हते, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी वर्षाकाठी २३० कोटी डॉलरांपर्यंतच्या हंगामी कर्जास मंजुरीही दिली; तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो मथळाच. पोलीस, अग्निशामक आणि सफाई खात्यांतील हजारो नोकरांना घरी बसविण्यात आले, आणि नगर विद्यापीठातील शतकाहून अधिक काळ चालत आलेले विनाशुल्क शिक्षण १९७६ साली बंद झाले.

याच काळातील एका चोपड्याचा उल्लेख येथे मुद्दाम करणे जरूर आहे, कारण पुढील सर्व जाहिरातींचा तोच जणू पूर्वपक्ष होय. नोकरकपातीने संतापलेल्या पोलीस व अग्निशामक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी जून १९७५ मध्ये ‘भयनगरीत स्वागत असो’ अशा अर्थाच्या मथळ्याचे एक पत्रक बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी छापविले. मुखपृष्ठावर काळ्या टोपराखालून पाहणारी कवटी होती आणि आत जीव वाचविण्याच्या नऊ सूचना होत्या : सायंकाळी सहानंतर रस्त्यावर राहू नये, पायी हिंडू नये, भुयारी रेल्वेने जाऊ नये, मॅनहॅटनच्या बाहेर पडू नये, इत्यादी. ज्या शहराचे रक्षकच पाहुण्याला सूर्यास्तापूर्वी दार लावून घेण्यास सांगतात, त्याची प्रतिमा याहून खाली जाण्यास जागा उरली नव्हती. या कर्मचाऱ्यांचे दुःख खोटे नव्हते, आणि शहरातील गुन्हेगारीही कल्पित नव्हती. परंतु भय हे स्वतःच एक कर आहे. त्याची वसुली नाट्यगृहाच्या खिडकीवर, भोजनगृहाच्या टेबलावर आणि अखेर त्याच नगराच्या खजिन्यावर होते.

मोहिमेचा पुढाकार शहराने घेतला नाही, तो राज्याने घेतला. राज्यपाल ह्यू केरी यांच्या कारकिर्दीत वाणिज्य खात्याचे आयुक्त जॉन डायसन आणि उपायुक्त विल्यम डॉइल यांनी पर्यटनाला उद्योगाचा दर्जा देऊन त्याच्या प्रसिद्धीची तजवीज केली आणि हे काम वेल्स, रिच, ग्रीन या जाहिरातसंस्थेकडे सोपविले. ही संस्था मेरी वेल्स यांनी दोघा सहकाऱ्यांसह १९६६ साली स्थापिली होती, आणि जाहिरात ही डोक्यावर आदळणारी आरोळी नसून घटकाभराचे नाट्य असू शकते, हे तिने विमानकंपन्यांच्या व इतर जाहिरातींतून दाखवून दिले होते. राज्याने पुढाकार घेतल्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला, की ‘न्यूयॉर्क’ हे नाव शहराचे तसेच राज्याचेही असल्यामुळे एकाच वाक्यात उत्तरेकडील अरण्ये व सरोवरे आणि दक्षिणेकडील गगनचुंबी नगरी ही दोन्ही सामावली गेली.

पहिला जाहिरातपट १९७७ च्या उन्हाळ्यात झळकला, आणि त्यात शहर नव्हतेच. अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजीसारख्या निसर्गरम्य भागांत मासे धरणारी, तंबू ठोकून राहिलेली साधी माणसे पडद्यावर येत आणि आपण अमुक राज्याचे रहिवासी असलो तरी आपले प्रेम न्यूयॉर्कवर आहे, असे सांगत. यातील चातुर्य वाखाणण्याजोगे आहे. स्वतःच्या मुलाची स्तुती बापाने केली तर ती कोणी मनावर घेत नाही, शेजाऱ्याने केली तर घेतात. म्हणून स्तुतीचे शब्द येथे परक्यांच्या मुखी घातले. शिवाय ‘आमचे राज्य सुंदर आहे’ या विधानास प्रतिवाद संभवतो, पण ‘मला ते आवडते’ या विधानास प्रतिवाद कसला करणार? बढाईच्या जागी जिव्हाळा ठेवणे, हा या मोहिमेने केलेला मूलभूत फेरफार होय.

मात्र त्याच उन्हाळ्यात, १३ जुलैच्या रात्री, विजेच्या तारांवर वीज कोसळून जवळजवळ सारे शहर अंधारात बुडाले. सुमारे पंचवीस तासांच्या त्या काळोखात दीड हजारांहून अधिक दुकाने लुटली गेली वा त्यांची नासधूस झाली, हजाराच्या वर आगी लागल्या आणि ३,७०० हून अधिक लोकांना अटक झाली. भयाचे पत्रक ज्या रात्रीविषयी बोलत होते, ती रात्र जणू साक्षीला उभी राहिली. अशा प्रसंगी शहराविषयी मौन पाळणे सोयीचे होते. तसे न करता मोहिमेच्या कर्त्यांनी रात्रीलाच हात घातला, यात त्यांचे धैर्य आणि कलादृष्टी दोन्ही दिसतात.

१४ फेब्रुवारी १९७८ रोजी, म्हणजे पाश्चात्त्यांच्या प्रेमदिनी, ब्रॉडवेवरील रंगभूमीचा जाहिरातपट सेंट्रल पार्कमधील एका प्रख्यात भोजनगृहात समारंभपूर्वक प्रकट करण्यात आला. जाहिरातपटांचे दिग्दर्शन स्टॅन ड्रॅगोटी यांचे होते. त्यांत कोणी अधिकारी बोलत नाही आणि कोणी आकडे सांगत नाही. त्या वेळी प्रत्यक्ष चालू असलेल्या नाटकांचे नटसंच आपापल्या वेशभूषेत येऊन एकच धून गातात व नाचतात. ‘अ कोरस लाइन’, ‘द विझ’, ‘अ‍ॅनी’, ‘ग्रीस’ ही संगीतके त्यात होती, ‘द किंग अँड आय’च्या पुनःप्रयोगातील यूल ब्रिनर होते, आणि सर्वांच्या शेवटी काळा झगा पांघरलेले फ्रँक लँजेला ‘ड्रॅक्युला’च्या रूपात येऊन न्यूयॉर्कवरील आपले प्रेम प्रकट करीत आणि क्षणभर थांबून पुस्ती जोडीत, की विशेषेकरून सायंकाळी. एवढे बोलून झग्याचा फलकारा देऊन ते नाहीसे होत. त्या एका पुस्तीत सगळ्या मोहिमेचे सार आले आहे. तीन वर्षांपूर्वी ज्या प्रहरी पाहुण्याने दार लावून घ्यावे असे सांगितले गेले, तोच प्रहर येथे आमंत्रणाचा झाला. आणि ते आमंत्रण दिले कोणी, तर ज्याच्या नावानेच भीती वाटावी अशा पात्राने. शहर सुरक्षित आहे असे एकाही शब्दाने न म्हणता, भयाचा उच्चार मोकळ्या हसण्यात विरघळवून टाकणारी ही योजना जाहिरातकलेतील उत्कृष्ट प्रसंगांत गणावी अशी आहे.

सुरुचिपूर्ण जाहिरात म्हणजे केवळ नयनरम्य दृश्ये व मंद संगीत, असा एक समज रूढ आहे. या उदाहरणावरून तो अपुरा ठरतो. येथील सुरुचीचा पाया सत्यनिष्ठा हा आहे. जाहिरातपटातील नाटके जाहिरातीसाठी रचलेली नव्हती. ‘अ कोरस लाइन’ १९७५ पासून गर्दी खेचीत होते आणि पुढे १९९० पर्यंत त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरही त्या शहरात जे खरोखर अव्वल दर्जाचे उरले होते, तेवढेच निवडून दाखविले, आणि पाहणाऱ्यास ते तिकीट काढून पडताळता येत होते. नाटकाचे तिकीट व हॉटेलातील मुक्काम यांची एकत्र सोय असलेल्या सहलीही मोहिमेसोबत सुरू करण्यात आल्या, त्यामुळे पडद्यावरील आमंत्रण कोरडे राहिले नाही.

गीताची रचना स्टीव्ह कारमेन यांची. शब्द मोजकेच, पुनःपुन्हा येणारे, आणि चाल अशी की एकदा ऐकली की ओठांवर यावी. १९८० साली राज्यपाल केरी यांनी ते राज्यगीत म्हणून घोषित केले, आणि रचनाकाराने त्याचे हक्क राज्यास देऊन टाकले.

बोधचिन्हाची कथा अधिक प्रसिद्ध आहे. ब्रॉन्क्स भागात १९२९ साली जन्मलेले चित्रकार मिल्टन ग्लेझर यांनी प्रथम एक निराळाच आराखडा सादर केला होता व तो मंजूरही झाला होता. पुढे टॅक्सीतून जात असता त्यांना दुसरी कल्पना सुचली आणि खिशातील एका लिफाफ्यावर त्यांनी ती तांबड्या खडूने उतरविली. मंजुरी मिळालेले काम पुन्हा उलगडण्यास डॉइल आरंभी नाखूश होते, परंतु नवा आराखडा पाहताच त्यांनी तो पुढे नेला. टंकलेखनयंत्राच्या वळणाची तीन अक्षरे आणि एक हृदय, एवढाच त्याचा संसार. ‘मी’ हा पूर्ण शब्द, हृदय हे भावनेचे चिन्ह आणि शेवटची दोन अक्षरे हा स्थलनामाचा संक्षेप, असे तीन निरनिराळ्या जातींचे घटक वाचकाने मनात जोडावयाचे असतात, आणि त्या जोडण्यातच त्याचा आनंद आहे. या कामाचा एक छदामही ग्लेझर यांनी घेतला नाही.

मोहिमेच्या फलश्रुतीविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे. पुढील काही हंगामांत ब्रॉडवेचा गल्ला वाढला आणि पाहुण्यांची वर्दळ वाढली, हे निर्विवाद. परंतु १९७० च्या शिरगणतीत ७८ लाख ९५ हजार असलेली शहराची वस्ती १९८० मध्ये ७० लाख ७२ हजारांवर आली. म्हणजे पाहुण्यांना प्रेमाने बोलावणे चालू असता घरची माणसे घर सोडीतच होती. ज्या वस्त्यांत जळक्या इमारतींच्या रांगा उभ्या होत्या, तेथवर जाहिरातीचा कॅमेरा गेला नाही. तो जावयास हवा होता असा आग्रह धरता येणार नाही, तथापि जाहिरातीचे यश हे कारभाराचे यश मानण्याची चूक नंतरच्या अनेक नगरांनी केली, म्हणून हा भेद नोंदवून ठेवला पाहिजे.

अनुकरणे असंख्य झाली. स्कॉटलंडमधील ग्लासगोने १९८३ साली बालपुस्तकांतील ‘मिस्टर हॅपी’ या गोल पिवळ्या पात्राच्या साहाय्याने आपली दंगेखोर गिरणगावाची ओळख पुसावयास घेतली आणि १९९० मध्ये ते युरोपचे सांस्कृतिक नगर ठरले. अ‍ॅमस्टरडॅमने २००४ पासून मिरविलेली आपल्या नावाच्या घोषवाक्याची प्रचंड अक्षरे संग्रहालयांसमोरील चौकातून डिसेंबर २०१८ मध्ये उचलून नेली, कारण पाहुण्यांची झुंबड आता रहिवाशांना सोसवेनाशी झाली होती. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या चौकांत आणि तळ्यांच्या काठी गावाच्या नावाशेजारी जे तांबडे हृदय रात्री दिव्यांनी उजळते, त्याचे कूळ याच लिफाफ्यापर्यंत जाते. तेथे हृदय पोचले, परंतु आपल्या गावात खरोखर अव्वल काय आहे हे शोधण्याचा मूळचा परिश्रम क्वचितच पोचला. कोल्हापूरच्या चौकातील अक्षरे आणि नाशिकच्या चौकातील अक्षरे यांत नावाखेरीज भेद दिसू नये, याचे वाईट वाटते.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ग्लेझर यांनी हृदयाच्या कडेला एक काळा डाग दाखवून, आता पूर्वीपेक्षाही अधिक प्रेम, अशा अर्थाचे शब्द जोडलेली नवी आवृत्ती केली. ‘डेली न्यूज’ने, म्हणजे १९७५ चा तो मथळा देणाऱ्याच पत्राने, ती छापून घरोघर पोचविली. २०२३ मध्ये ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घातलेले एक नवे चिन्ह शहरासाठी काढण्यात आले, त्यावर रहिवाशांनी बरीच टीका केली. ग्लेझर २६ जून २०२० रोजी, आपल्या एक्याण्णवाव्या वाढदिवशी, निवर्तले. तो लिफाफा न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात जतन केलेला आहे. संग्रहालय ५३ व्या रस्त्यावर असून ब्रॉडवेची नाट्यगृहे तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. सायंकाळचे प्रयोग साधारणतः सात ते आठच्या सुमारास सुरू होतात.