धुणं, वाळवणं आणि पाइपलाइन

पावसाळ्यात आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हॉल उरतच नाही. दोन दोऱ्या, एक घडीचा स्टँड, वर फुल स्पीडवर पंखा आणि चौथ्या दिवशीही कमरेपाशी दमट असलेली माझी जीन्स. शेवटी यंदा ठरलं, कपडे वाळवायचं यंत्र घ्यायचं. आणि लगेच घरात दोन पक्ष पडले. बायको म्हणाली, धुणारं आणि वाळवणारं एकच मशीन घेऊ. मी म्हणालो, छे, दोन वेगळी हवीत. (आई म्हणाली, "पंखा आहे की!" तो तिसरा पक्ष.)

मग सवयीप्रमाणे मी शनिवारी वाचायला बसलो. लक्षात आलं, की आमचं भांडण काही नवीन नाही. अमेरिकेत ते सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय!

मुळात ही दोन यंत्रं जन्मली वेगवेगळी. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आणलं. कपडे टाका, बटण फिरवा, बाकी सगळं मशीन बघेल. पण ते इतकं थरथरायचं की जमिनीला बोल्टने आवळून बसवावं लागायचं. आणि कपडे बाहेर यायचे ते ओलेच.

वाळवण्याची गोष्ट वेगळीच. नॉर्थ डकोटात हिवाळ्यात दोरीवर कपडे घातले की ते वाळण्याआधी गोठतात. तिथल्या जे. रॉस मूर नावाच्या माणसाने या त्रासाला कंटाळून गरम हवेत फिरणारा ड्रम बनवला. पुढे विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंगने तो १९३८ मध्ये 'जून डे' या नावाने बाजारात आणला. बाहेर बर्फ असला तरी आत जूनचं ऊन, असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे जून म्हणजे नेमकं उलटं, पण असो.

मग १९५३ मध्ये बेंडिक्सनेच 'ड्युओमॅटिक' काढलं. एकच ड्रम, त्यातच धुणं, त्यातच वाळवणं. मळके कपडे टाका, कोरडे काढा. इतर कंपन्याही मागोमाग आल्या. वाटलं असेल, की झालं, प्रश्न सुटला. पण पुढच्या वीसेक वर्षांत ही जोडमशीनं अमेरिकेतून जवळजवळ नाहीशी झाली. का बरं?

एक कारण भौतिकशास्त्राचं. धुताना कपडे पाण्यात दाटीवाटीने बसले तरी चालतं. वाळताना मात्र त्यांच्यामधून हवा खेळायला हवी, म्हणजे तेवढ्याच ड्रममध्ये कपडे कमी हवेत. आजही अशा मशीनवर '८ किलो / ५ किलो' असं लिहिलेलं असतं. आठ धुवा, पाचच वाळवा. उरलेले तीन किलो? पुन्हा दोरीवर. शिवाय पाणी पिळून काढणं स्वस्त, उडवणं महाग. एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान ०.६५ युनिट वीज लागते. पाच किलो कपड्यांत चांगलं पिळल्यावरही अडीच-तीन लिटर पाणी उरतं, म्हणजे साधारण दोन युनिट. पिळणं जितकं कच्चं, तितका वाळवायचा वेळ आणि बिल जास्त.

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. कॉम्प्युटर शिकलेल्या लोकांना पॅटरसन आणि हेनेसी यांचं पुस्तक आठवत असेल. प्रोसेसरमधलं पाइपलाइनिंग समजावताना त्यांनी चक्क धुण्याचं उदाहरण घेतलंय. धुणं, वाळवणं, घड्या, कपाट. प्रत्येकाला अर्धा तास. चार लॉट एकामागून एक केले तर आठ तास. पण पहिला लॉट वाळत असताना दुसरा धुवायला टाकला, तर साडेतीन तासांत सगळं उरकतं. आता धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये कोंबा. पहिला लॉट वाळेपर्यंत दुसरा बाहेर ताटकळत बसणार. हिशेब केला तर पाच तास! अमेरिकन घरांत तळघर होतं, जागा होती. दोन मशीनं शेजारी मांडली की काम झालं. जोडमशीन टिकलं ते ब्रिटनसारख्या देशांत, जिथे मशीन स्वयंपाकघरात ओट्याखाली बसवतात आणि दुसऱ्याला जागाच नसते.

हा सगळा हिशेब मी मोठ्या ऐटीत घरी मांडला. आई शांतपणे म्हणाली, "मी सेमीवर हेच करायचे."

खरंच की! सेमी-ऑटोमॅटिकला दोन टब. एकात धुणं, दुसऱ्यात पिळणं. एक लॉट पिळला जात असताना ती पुढचा धुवायला टाकायची. पक्कं पाइपलाइनिंग, तेही पुस्तक न वाचता. पण त्यासाठी ती रविवारची पूर्ण सकाळ मशीनपाशी असायची. बझर वाजला की गॅसवरचं सोडून ये, ओले जड कपडे या टबातून त्या टबात टाक, पुन्हा जा. पुस्तकातल्या आकृतीत धुण्याचा चौकोन आहे, वाळवण्याचा आहे. पण या चौकोनातून त्या चौकोनात कपडे नेणारं माणूस मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की घरात यंत्रं आली तरी बाईचं काम त्या प्रमाणात कमी झालं नाही. आधी धुणं बाहेर लाँड्रीत जायचं किंवा कुणी मदतीला यायचं. मशीन आल्यावर ते सगळं तिच्या एकटीच्या अंगावर आलं. कपडे जास्त वेळा धुतले जायला लागले, ते वेगळंच.

म्हणजे प्रश्न 'किती तासांत किती कपडे' एवढाच नाही. मधे उठायचं कुणी, हाही आहे. ज्यांच्याकडे रविवारी चार लॉट साठतात, त्यांनी खुशाल दोन मशीनं घ्यावीत. पण आमच्याकडे दिवसाला एक छोटा लॉट. एका लॉटची कसली आलीये पाइपलाइन? रात्री लावा, सकाळी काढा, मधे कुणी उठायला नको. बायको हे पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी थ्रूपुट मोजत होतो, ती झोप मोजत होती.

तर आम्ही जोडमशीन घेतलं. घेताना मोठा आकडा सोडून धाकटा बघितला, म्हणजे वाळवायचे किलो. तुम्हीही तेच करा.

राहता राहिल्या घड्या. त्यांचंही मशीन करायचा प्रयत्न झाला होता. जपानच्या सेव्हन ड्रीमर्स कंपनीने 'लाँड्रॉइड' नावाचं घड्या घालणारं यंत्र बनवायला घेतलं, आणि २०१९ मध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं. त्यामुळे आमच्याकडे तो चौकोन सर्वानुमते माझ्याकडे आलाय. टॉवेल जमतात. फिटेड चादर अजून जमत नाही.