लेकीचा एनडीएचा फॉर्म



पोस्टिंगच्या आठवणींत आज डेहराडूनजवळच्या क्लेमेंट टाऊनची पाळी. खरं तर तिथल्या पावसावर, सालाच्या झाडांवर आणि मिंड्रोलिंग मठाच्या उंच स्तूपावर लिहायचं ठरवलं होतं. पण ३० मे २०२५ ला टीव्हीवर खडकवासल्याची पासिंग आऊट परेड पाहिली आणि लेख दुसऱ्याच वाटेला लागला. तरी क्लेमेंट टाऊन सुटत नाही, कारण गोष्ट तिथलीच आहे.

बऱ्याच जणांना वाटतं, एनडीए म्हणजे पहिल्यापासून पुण्याचीच. तसं नाही. १ जानेवारी १९४९ ला जॉइंट सर्व्हिसेस विंग सुरू झाली ती क्लेमेंट टाऊनला. भूदल, नौदल आणि हवाईदलात जाणारी पोरं एकाच मेसमध्ये जेवणार, एकाच मैदानावर घाम गाळणार, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्याला कोनशिला बसवली आणि १९५४ च्या अखेरीस सगळा बाडबिस्तरा तिकडे हलला. क्लेमेंट टाऊनच्या त्या पहिल्याच कोर्समधले सुनीथ रॉड्रिग्ज, एल. रामदास आणि एन. सी. सूरी पुढे एकाच काळात तिन्ही दलांचे प्रमुख झाले. एका वर्गातली तीन पोरं! नवीन जवान आला की मी हे त्याला हमखास ऐकवायचो.

ऐकवताना एक गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. ही सगळी पोरंच होती. जाहिरातीत स्पष्ट छापलेलं असायचं, अविवाहित पुरुष उमेदवार. १९९२ पासून मुली चेन्नईच्या ओटीएत प्रशिक्षणाला जाऊ लागल्या, पण त्या पदवीनंतर आणि ठराविक वर्षांसाठी. कायम कमिशनचा मोठा निकाल आला तो फेब्रुवारी २०२० मध्ये. बारावीनंतर एनडीएचा फॉर्म भरणं मात्र मुलींना तेव्हाही शक्य नव्हतं.

माझं स्वतःचं सांगायचं तर १९९४ ला बारावी झालो तेव्हा मुलगा असूनही मी तो फॉर्म भरला नाही. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. मास्तरांनी जाहिरात दाखवली तेव्हा शेवटची तारीख टळून गेली होती. पुढच्या वर्षी भरतीला उभा राहिलो, शिपाई म्हणून लागलो. त्याचं दुःख नाही. पण पुढे पोस्टातून फॉर्म विकत घेऊन, त्यावर फीचं तिकीट चिकटवून, गोल काळे करत बसलेली पोरं दिसली की मी जरा वेळ थांबून बघायचो.

२०२१ मध्ये मी नायब सुभेदार होतो. कुटुंब क्वार्टरमध्ये सोबत होतं. लेक नुकतीच बारावी झालेली, तीही कोरोनामुळे परीक्षा न देता. १८ ऑगस्टला बातमी आली. कुश कालरा नावाच्या वकिलांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं अंतरिम आदेश दिला होता, एनडीएच्या परीक्षेला मुलींना बसू द्या. मुलांचे अर्ज जूनमध्येच भरून झाले होते. परीक्षा ५ सप्टेंबरची, ती पुढे ढकलून १४ नोव्हेंबरला ठेवलेली. त्याच परीक्षेत आता मुलींना घ्यायचं होतं.

घरात आनंद झाला, पण महिनाभरानं सरकारनं कोर्टाला सांगितलं की तयारीला वेळ हवा, मुलींसाठी पुढच्या वर्षी मे महिन्यात जाहिरात काढू. फौजेत राहिलेल्या माणसाला हे म्हणणं अगदीच चुकीचं वाटणार नाही. बराकी, मेडिकलचे निकष, प्रशिक्षण, सगळं नव्यानं बसवायचं होतं. पण लेकीनं कॅलेंडर पुढ्यात टाकलं. या परीक्षेला २ जानेवारी २००३ नंतर जन्मलेले चालणार होते. पुढच्या परीक्षेला ती तारीख सहा महिने पुढे सरकणार. हिचा जन्म १४ मार्च २००३ चा.

"पप्पा, आत्ता नाही झालं तर मला कधीच नाही," ती म्हणाली.

आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून. शाळेत घालताना मास्तर सोयीनं ती तारीख टाकायचे. माझीही तीच. लेक मात्र मिलिटरी हॉस्पिटलात जन्मली, तारीख पक्की, दहावीच्या सर्टिफिकेटवरही तीच. "तू गावाकडं जन्मली असतीस तर बरं झालं असतं," असं आमची सौभाग्यवती म्हणाली. कुणी हसलं नाही.

२२ सप्टेंबरला कोर्टानं मुदत द्यायला नकार दिला. दोन दिवसांनी अर्ज सुरू झाले, २४ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर, संध्याकाळी सहापर्यंत, फक्त मुलींसाठी. फी नाही. गंमत बघा, शंभर रुपयांच्या या फीची माफी जेसीओ आणि जवानांच्या मुलांनाही होती, ती सैनिकी शाळांत शिकत असतील तर. नियमात शब्द 'सन्स' होता. लेकींची फी कशाला माफ करायची, त्यांना फॉर्मच नव्हता.

अर्ज दोन भागांत. पहिल्या भागात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. दुसऱ्यात केंद्र, फोटो, सही. दहावीच्या कागदावर माझं नाव आडनावाशिवाय छापलेलं, माझ्या सर्व्हिस रेकॉर्डला पूर्ण. दोन रात्री त्यावर खल झाला. शेवटी दहावीच्या कागदाप्रमाणेच भरलं. फोटोला गेटबाहेर गेलो तर पावसानं गाठलं. सहीची फाइल चार वेळा लहान-मोठी केली. आणि जागा किती? मुलींना उंची किती लागणार? जाहिरातीत लिहिलेलं, संरक्षण मंत्रालयाकडून आलं की कळवू. आयुष्यभर मी मूव्ह ऑर्डर वाचत आलो, पण कुठं जायचं ते न सांगणारी ऑर्डर पहिल्यांदाच बघितली. लेकीनं तरी 'सबमिट' दाबलं.

त्या पंधरा दिवसांत देशभरातून १,७७,६५४ मुलींनी अर्ज भरले. जागा निघाल्या १९. भूदलाला १०, हवाईदलाला ६, नौदलाला ३. नोव्हेंबरात मी तिला केंद्रावर सोडायला गेलो तर फाटकाबाहेर माझ्यासारखे कितीतरी बाप उभे. कुणी फौजी, कुणी शेतकरी, एक टेम्पोवाले. कुणी कुणाशी फार बोललं नाही, चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

डिसेंबरात निकाल लागला. लेखी परीक्षेत १,००२ मुली पास झाल्या. आमची त्यांत नव्हती. गणितानं घात केला.

आता ती पदवीधर आहे, ओटीएच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. ३० मेच्या सकाळी साताऱ्याच्या घरी आम्ही तिघं टीव्हीपुढं बसलो. पहिल्या तुकडीच्या १७ मुली क्वार्टर डेकच्या पायऱ्यांकडं निघाल्या. लेक बोटांवर मोजत होती. परेड संपल्यावर म्हणाली, "पप्पा, माझा फॉर्म आहे का हो अजून?"

काळ्या ट्रंकेत माझ्या डिस्चार्जच्या कागदांखाली होता. तिनं तो उजेडात धरला आणि आईला म्हणाली, "फोटोत केस बघ माझे, ओले आहेत अजून."