राखेचे सिमेंट : सत्तर वर्षांचा एक सरकारी प्रवास

विघटन अभिक्रिया शिकवताना आपण सगळेच एक उदाहरण हमखास देतो. कॅल्शियम कार्बोनेट तापवले की कळीचा चुना मिळतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. समीकरण फळ्यावर लिहिले, संतुलित केले, की धडा पुढे सरकतो. हीच अभिक्रिया सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये मात्र रात्रंदिवस चालू असते. मानवी उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

थोडे गणित करू. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की काळपट करडे खडे तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की झाले पोर्टलंड सिमेंट. क्लिंकरमध्ये वजनाने सुमारे ६५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड असते. ५६ ग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड तयार होताना ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे एक टन क्लिंकरमागे ५०० किलोहून थोडा जास्त वायू केवळ चुनखडीतूनच बाहेर पडतो. भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. दोन्ही मिळून हा आकडा ८०० किलोच्या आसपास जातो.

इंधन बदलता येईल, भट्टी सुधारता येईल. पण चुनखडीतून सुटणारा वायू त्याने थांबत नाही. तो कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे क्लिंकरच कमी वापरणे आणि त्याच्या जागी चालेल असे दुसरे काही घालणे.

हे ‘दुसरे काही’ फार जुने आहे. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. आपल्याकडे भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून घाणीत मळत. १८९५ साली पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीतच बांधलेले आहे. मग प्रश्न असा पडतो की, पदार्थ माहीत होते, रसायनशास्त्रही पुढे उलगडले, तरी ते आपल्या घरांच्या भिंतींपर्यंत पोहोचायला इतका काळ का लागला? आणि त्यात सरकारचा हातभार नेमका कोणता होता?

पहिला ग्राहक

स्वातंत्र्यानंतर मोठी धरणे बांधायला घेतली तेव्हा अभियंत्यांपुढे एक अडचण आली. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून उष्णता बाहेर पडते. पातळ भिंतीत ती लगेच निघून जाते. धरणाच्या प्रचंड काँक्रीटमध्ये मात्र ती कोंडून राहते, आणि पुढे काँक्रीट थंड होताना त्याला तडे जातात. सिमेंटचा काही भाग काढून तिथे राख किंवा भाजलेली माती घातली तर उष्णता कमी आणि सावकाश निर्माण होते. अमेरिकेत हंग्री हॉर्स धरणात उडती राख, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘फ्लाय ॲश’, मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ते धरण १९५३ साली पूर्ण झाले. आपल्याकडे भाक्रा धरणात भाजलेल्या शेल खडकाची भुकटी वापरली, तर रिहांद धरणात सिमेंटच्या सुमारे १५ टक्क्यांपर्यंत उडती राख घातली गेली.

हे कसे घडते ते विद्यार्थ्यांना सहज समजावता येते. सिमेंटचा पाण्याशी संयोग होताना थोडा कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतो, म्हणजे आपली चुन्याची निवळी जिच्यापासून करतात तोच विरलेला चुना. काँक्रीटच्या ताकदीत त्याची भर फारशी पडत नाही. राखेतली सिलिका त्याच्याशी हळूहळू संयोग पावते आणि सिमेंटसारखाच चिकटून धरणारा पदार्थ बनवते. मात्र हे काम सावकाशीचे असते. पहिल्या काही दिवसांत ताकद कमी भरते, पुढे ती भरून निघते.

या धरणांमागे कार्बन डायऑक्साइडचा विचार नव्हता; प्रश्न तड्यांचा आणि टंचाईच्या सिमेंटचा होता. पण सरकारने एक मोलाची गोष्ट केली होती. नव्या पदार्थाची पहिली जोखीम स्वतः घेतली. खासगी घरमालक असे धाडस कशाला करील?

मानक झाले, वापर नाही

दुसरे पाऊल कागदावरचे होते, पण महत्त्वाचे. १९५३ साली लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी मिसळलेल्या सिमेंटचे मानक, आयएस ४५५, निघाले. १९६२ साली पोझोलाना सिमेंटचे मानक, आयएस १४८९, आले. त्याच वर्षी सिमेंट संशोधनासाठी वेगळी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. रुरकीची केंद्रीय इमारत संशोधन संस्था तर १९४७ पासूनच काम करत होती.

म्हणजे प्रयोगशाळा होत्या, मानक होते, धरणांचा दाखला होता. सिमेंटची टंचाई तर इतकी की ते परमिटवर मिळे. त्यावरचे किंमत आणि वितरण नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्ण उठले. तरीही १९९६-९७ साली देशातील औष्णिक वीजकेंद्रांतून निघालेल्या सुमारे ६.९ कोटी टन राखेपैकी जेमतेम १० टक्के राख वापरली गेली. बाकीची पाण्यात कालवून राख बंधाऱ्यांत सोडून दिली जाई.

कारणे शोधली तर ती रसायनशास्त्रात सापडत नाहीत. चांगली राख कोरडी आणि बारीक हवी. वीजकेंद्रांना ती झटपट बाहेर काढायची होती. कोरडी राख वेगळी साठवण्याचा खर्च कोणी करायचा? अनेक सरकारी बांधकामांच्या निविदांत साध्या पोर्टलंड सिमेंटचाच आग्रह होता. सुरुवातीची ताकद सावकाश येते म्हणून ठेकेदाराला सेंट्रिंगच्या फळ्या जास्त दिवस अडकवून ठेवाव्या लागत. आणि ‘सिमेंटमध्ये राख’ म्हटले की गिऱ्हाइकाला भेसळीचाच संशय येई. हा संशय अगदीच निराधार नव्हता. न जळालेला कोळसा जास्त असलेली, जाडीभरडी राख घातली तर काँक्रीट खरोखरच बिघडते.

सक्ती आणि सवलत

१९९४ साली केंद्र सरकारने फ्लाय ॲश मिशन सुरू केले. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे त्याची सूत्रे होती. प्रयोगशाळेतले तंत्र प्रत्यक्ष रस्त्यांवर, विटांवर, बंधाऱ्यांवर करून दाखवणे हा त्याचा गाभा होता.

पुढचा धक्का न्यायालयाकडून आला. दिल्ली उच्च न्यायालयातील एका जनहित याचिकेनंतर १४ सप्टेंबर १९९९ रोजी पर्यावरण आणि वन मंत्रालयाने अधिसूचना काढली. वीजकेंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातील वीटभट्ट्यांनी मातीत किमान २५ टक्के राख मिसळावी आणि वीजकेंद्रांनी किमान दहा वर्षे राख फुकट द्यावी, असे त्यात होते. पुढे २००३ साली हे अंतर १०० किलोमीटर आणि २०१६ साली ३०० किलोमीटर झाले. २०१६ मध्येच महाराष्ट्र शासनाने राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राख न वापरणाऱ्या वीजकेंद्रांना दर टनामागे दंड ठरवला. १९९९ च्या अधिसूचनेचा उद्देशही हवामान हा नव्हता. शेतजमिनीची वरची सुपीक माती विटांसाठी खरवडली जाऊ नये आणि राखेचे ढीग वाढू नयेत, एवढाच होता.

दरम्यान सिमेंट कारखान्यांना हिशेब कळला. क्लिंकर भाजण्यापेक्षा राख आणणे स्वस्त. आज आयएस १४८९ प्रमाणे सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के उडती राख चालते, आणि देशात विकल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी निम्म्याहून जास्त सिमेंट मिश्र प्रकारचे असते. २०२१-२२ साली निघालेल्या सुमारे २७ कोटी टन राखेपैकी ९६ टक्के राख वापरली गेल्याची नोंद आहे.

या आकड्याने हुरळून जाण्याआधी त्याची फोड केली पाहिजे. त्यातली सिमेंट कारखान्यांकडे गेलेली राख पाव भागाच्या आसपास आहे. बरीचशी राख खोलगट जमिनी आणि खाणींचे खड्डे भरण्यात गेली. कायद्याच्या भाषेत तोही ‘वापर’च, पण खड्ड्यात टाकलेल्या राखेने एक किलोही क्लिंकर वाचत नाही. शिवाय उत्तम राख म्हणजे जाळलेला कोळसा. सिमेंट स्वच्छ करण्यासाठी आपण ज्या पदार्थावर विसंबलो, तो कोळशाच्या विजेबरोबर कमी होत जाणार.

पुन्हा भाजलेली माती

म्हणून संशोधकांची नजर पुन्हा सुरखीच्या तत्त्वाकडे वळली आहे. केओलिन असलेली माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की तिच्यातून पाण्याची वाफ निघते, चुनखडीसारखा कार्बन डायऑक्साइड नव्हे. हा फरक वर्गात मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अशी माती आणि न भाजलेली चुनखडी एकत्र घातली तर क्लिंकर निम्म्यावर आणता येते. क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, चुनखडी १५ आणि जिप्सम ५ टक्के, असे हे मिश्रण. ‘एलसी-३’ या नावाने ते ओळखले जाते. साध्या सिमेंटच्या तुलनेत त्यातून कार्बन डायऑक्साइड ३० ते ४० टक्के कमी सुटतो. माती उच्च प्रतीचीच हवी असेही नाही. ४० टक्क्यांच्या आसपास केओलिन असले तरी पुरते.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संस्थेच्या कॅरन स्क्रिव्हनर आणि क्यूबाचे फर्नांदो मार्तिरेना यांच्या सहकार्यातून हे सिमेंट पुढे आले. दिल्ली, मुंबई आणि मद्रास येथील आयआयटी त्यात सामील झाल्या. पैसा मुख्यतः स्विस सरकारच्या विकास सहकार्य संस्थेचा होता. क्यूबात आणि भारतात कारखान्यात चाचणी-उत्पादन झाले ते २०१३-१४ च्या सुमारास. भारतीय मानक ब्यूरोचे मानक, आयएस १८१८९, आले २०२३ साली. सुमारे दहा वर्षे! या काळात संशोधक स्वस्थ बसले नव्हते. टिकाऊपणाच्या चाचण्यांना वेळ लागतोच. मात्र मानक नसेल तर कोणत्याही सरकारी निविदेत त्या सिमेंटचे नाव लिहिता येत नाही, हेही तितकेच खरे.

२०२३ सालीच केंद्र सरकारने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली आणि सिमेंट उद्योग तिच्या कक्षेत आला. धरणाचे तडे, सिमेंटची टंचाई, शेतातली माती, राखेचे ढीग अशी वेगवेगळी कारणे पुढे करत जे सत्तर वर्षे चालले होते, त्यात आता उत्सर्जन हाच थेट हिशेबाचा विषय झाला.

या इतिहासावरून आम्हाला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सरकारी मदत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अनुदानाची रक्कम येते. संशोधनाला पैसा लागतोच. पण राखेचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटल्यावरही तीन-चार दशके अडून राहिला, आणि सुटला तो पहिली जोखीम घेणे, मानक ठरवणे, निविदेचे कलम बदलणे आणि कचरा टाकणाऱ्याला त्याची किंमत मोजायला लावणे या चार गोष्टींनी. यातल्या बहुतेकांना मोठा निधी लागत नाही, निर्णय लागतो.

गावात कुठे बांधकाम चालू असेल तर विद्यार्थ्यांना सिमेंटचे रिकामे पोते पाहायला सांगावे. त्यावर आयएस क्रमांक असतो आणि पुष्कळदा राखेचे प्रमाणही छापलेले असते. ३० टक्के राख असेल तर ५० किलोच्या पोत्यात १५ किलो क्लिंकर वाचले, म्हणजे सुमारे १२ किलो कार्बन डायऑक्साइड. शाळेच्या नव्या वर्गखोलीला किती पोती लागली, हे मुख्याध्यापकांना विचारले की पुढचा गुणाकार मुलेच करतील.